जर्क चिकनचा लगदा आणि साल्साचं पाणी: दर वेळी हेच का होतं?

जर्क चिकन म्हणजे मसाला चोळून, मंद आचेवर धुरात भाजलेलं जमैकाचं चिकन. ते घरी करणाऱ्यांच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. चिकन वरून काळंठिक्कर झालं आणि हाडापाशी गुलाबी राहिलं. किंवा शिजलं व्यवस्थित, पण दाताखाली काही लागेचना, नुसता लगदा. आणि सोबत केलेल्या आंबा-अननसाच्या साल्साला पानात वाढेपर्यंत पाणी सुटलं. या तिन्ही गोष्टी माझ्या हातून झाल्या आहेत, तिसरी तर सलग दोन उन्हाळे. आधी मला वाटायचं, दोष वेगवेगळे आहेत: एक कोळशाचा, एक चिकनचा, एक आंब्याचा. आता खात्रीनं सांगते, तिघांचं मूळ एकच आहे. साखर, फळ आणि मीठ नको त्या वेळी पडतात.

मी टोरांटोत राहते. इथल्या एग्लिंटन अव्हेन्यू वेस्टवरच्या एका पट्ट्याला लिटल जमैका म्हणतात. स्कॉच बॉनेट मिरची, पिमेंटोचे म्हणजे ऑलस्पाइसचे दाणे, हार्ड डो ब्रेड हा जमैकाचा घट्ट पाव, सगळं तिथे मिळतं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आंटी जमैकाच्या पोर्टलँड परगण्यातल्या, पोर्ट अँटोनियोच्या. तिथून थोडं पूर्वेला गेलं की बॉस्टन बे लागतं. जर्कचं माहेर म्हणून सगळी जमैका ज्या गावाकडे बोट दाखवते ते हे. त्यामुळे माझी चूक पकडायला माणूस चांगलं मिळालं.

चिकनचा लगदा होतो

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि कारण सगळ्यात कमी जणांना ठाऊक असतं, म्हणून आधी हीच घेते.

मला मिळालेल्या एका कृतीत मसाल्यात अर्धी वाटी ताज्या अननसाचा रस होता. रात्रभर मुरवा, म्हटलं होतं. मी मुरवलं. दुसऱ्या दिवशी भाजलं, रंग सुंदर आला, आंटींना ताट नेऊन दिलं. त्यांनी मांडीचा तुकडा उचलला आणि हाडाच्या बाजूला अंगठ्यानं दाबला. दुधात भिजलेल्या पावात जावा तसा अंगठा सरळ आत गेला. चव घेण्याआधीच त्यांनी विचारलं, "अननस घातलास ना?"

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते प्रथिनं तोडतं. पपईतलं पपेन त्याच जातकुळीतलं. मटणाला कच्ची पपई चोळायची रीत आपल्याकडे आहेच, ती याच कारणानं. पण जून बोकडाचं मटण वेगळं आणि पाच-सहा आठवड्यांची ब्रॉयलर कोंबडी वेगळी. ती मुळातच मऊ असते. तिला रात्रभर अननसात ठेवलं की धागा न् धागा सुटतो. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही या विकराचा हात असतो. दह्यात ताजा अननस घालून ठेवलं की थोड्या वेळानं कडवट लागतं, तेही दुधातली प्रथिनं तुटल्यामुळेच. आपल्या घरांतून शिऱ्यासाठी अननस आधी साखरेत शिजवून घेतात. आचेनं विकर मरतं, म्हणून त्या शिऱ्यात दूध घातलं तरी बिघडत नाही.

दुसरं एक लक्षात ठेवा. फ्रिजमध्ये विकराचं काम मंद चालतं, पण बंद पडत नाही. आणि चिकन विस्तवावर ठेवल्यावर, ते गरम होत असताना, ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला सगळ्यात जास्त जोर येतो. साधारण ७० अंशांच्या पुढे गेल्यावर ते निकामी व्हायला लागतं. म्हणजे मंद आचेवर हळूहळू तापणाऱ्या चिकनमध्ये त्याला काम करायला भरपूर वेळ मिळतो, आणि जर्क तर मंद आचेवरच करायचं असतं. "तासभरच लावून ठेवलं होतं, तरी मऊ पडलं" असं म्हणणाऱ्यांचं हेच होतं.

उपाय साधा आहे: मसाल्यात कच्चा अननस आणि पपई नकोच. अननसाची चव हवीच असेल तर रस पाच मिनिटं खळखळून उकळून, गार करून वापरा. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. किवीचा नाद करू नका, त्यातही असंच विकर आहे.

लगदा आणि खडूसारखं कोरडं मांस यांत मात्र गल्लत करू नका. चिकन वरून पांढुरकं, कोरडं, भुसभुशीत लागत असेल तर दोषी अननस नाही, लिंबू किंवा व्हिनेगर आहे. आंबटानं बाहेरचा थर आवळतो आणि त्यातलं पाणी पिळून निघतं. कॅरिबियन घरांतून कच्चं चिकन लिंबानं किंवा व्हिनेगरनं धुवायची पद्धत आहे, आपण हळद-मीठ लावतो तशी. पण ते लावून लगेच धुऊन टाकतात, रात्रभर ठेवत नाहीत. माझ्या मसाल्यात आता लिंबू भाजण्याआधी तासभर पडतं, किंवा सरळ भाजून झाल्यावर वरून पिळते.

अननस लावून रात्र उलटून गेली असेल तर तुकडे भाजायला घेऊच नका. मांस हाडावरून काढून त्यात पातीचा कांदा, पावाचा चुरा आणि अंडं घालून पॅटिस थापा. गरम तव्यावर ते छान होतात. तासाभरात लक्षात आलं तर मसाला पुसून काढा, नवा लावा आणि लगेच शिजवा.

वरून काळं, आतून कच्चं

इथे आपली तंदूरची सवय नडते. तंदुरी चिकन रसरसत्या भट्टीत झटपट होतं, आणि त्याच्या दह्याच्या मसाल्यात साखर नसते. जर्कचा मसाला बघितला की हात आपोआप तसाच विस्तव पेटवतो. पण जर्कची मूळ पद्धत नेमकी उलटी आहे.

१६५५ मध्ये इंग्रजांनी स्पॅनिश लोकांकडून जमैका घेतली. त्या धामधुमीत आणि पुढेही गुलामीतून निसटलेले आफ्रिकी लोक डोंगरांत जाऊन राहिले. हे मरून लोक. इंग्रजांना त्यांच्याशी लढून काही साधेना, तेव्हा १७३९ मध्ये तह करावा लागला. जर्क ही या मरून लोकांची देणगी. रानडुकराचं मांस मीठ, मिरची आणि पिमेंटोच्या दाण्यांनी चोळून, पिमेंटोच्याच लाकडावर झाकून, धुरात तासन्‌तास शिजवायचं. बॉस्टन बेला आजही पिमेंटोच्या ओल्या दांड्या निखाऱ्यांवर आडव्या टाकतात, त्यांच्यावर मांस मांडतात आणि वरून पत्रा झाकतात. किंग्स्टनच्या रस्त्यांवर रात्री तेलाचं पिंप उभं कापून त्यात चिकन भाजणारे उभे असतात, त्याला पॅन चिकन म्हणतात. त्या पिंपालाही झाकण असतंच. आंटींनी माझी उघडी, ज्वाळांची शेगडी पाहिली आणि पहिला प्रश्न केला तो झाकण कुठे आहे याचा.

म्हणजे विस्तव मंद हवा, झाकण हवं आणि साखर कमी हवी. गोडाची गंमत अशी की सगळी साखर सारखी जळत नाही. आपली नेहमीची साखर १६० अंशांच्या आसपास तांबूस व्हायला लागते. फळातली फ्रुक्टोज मात्र ११० अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागते. म्हणून आंब्याचा गर किंवा अननसाचा रस लावलेलं चिकन नुसत्या तपकिरी साखरेच्या चिकनपेक्षा फार लवकर काळं पडतं. कातडी काळी झालेली दिसली की आपण घाबरून उतरवतो आणि हाडापाशी ते कच्चंच असतं.

मी आता असं करते. कोळसे शेगडीच्या एका बाजूला लोटते. चिकन दुसऱ्या बाजूला, कातडी वर करून. झाकण लावते. अख्ख्या लेग क्वार्टरला ४०-५० मिनिटं लागतात आणि तेवढी लागू द्यायची. भाजण्याआधी मसाल्याचे जाड गोळे, पातीचे तुकडे बोटांनी निपटून काढते, कारण सगळ्यात आधी जळतात ते हेच. शेवटच्या चार-पाच मिनिटांत फळाचा गोड लेप (कृती पुढे साल्साच्या भागात) ब्रशनं लावते आणि तेव्हाच तुकडे थेट कोळशांवर घेऊन उलटसुलट करते. रंग, चकाकी, कडेचा हलका जळकेपणा, सगळं त्या पाच मिनिटांत येतं.

ओव्हन असेल तर २०० अंश, तुकडे जाळीवर, खाली ट्रे. लेप तसाच शेवटी. तपासायला थर्मामीटरसारखं दुसरं काही नाही. चिकन ७४ अंशांना खायला सुरक्षित होतं, पण मांडीचा तुकडा ८० च्या पुढे गेल्यावरच खरा मऊ होतो. छातीचा तुकडा मात्र तिथवर नेलात तर सुतळी चावल्यासारखा लागेल. जर्कसाठी मी छातीचे तुकडे घेतच नाही. त्यातूनही दुकानात करी कट करून मिळतं ते तर नकोच, हाडासकट मोठे तुकडे मागा.

पिमेंटोचं लाकूड मिळत नसेल तर मूठभर पिमेंटोचे दाणे आणि तमालपत्रं अर्धा तास पाण्यात भिजवून निखाऱ्यांवर टाका. तोच वास नसला तरी त्याच घरातला येतो.

मसाला, आणि एक राहून जाणारी गोष्ट

दीड किलो चिकनला माझं माप: दोन मोठे चमचे पिमेंटोचे दाणे, आधी कोरडेच भाजून कुटलेले, सहा-आठ पातीचे कांदे, मूठभर ताजा थाइम, सहा पाकळ्या लसूण, दीड इंच आलं, दोन स्कॉच बॉनेट, एक चमचा मिरपूड, जायफळ आणि दालचिनी चिमूट चिमूट, दोन मोठे चमचे सोया सॉस, तेवढंच तेल, १५ ग्रॅम मीठ, आणि तपकिरी साखर फक्त एक छोटा चमचा. बारा ते चोवीस तास मुरू द्यायचं.

पिमेंटो म्हणजे ऑलस्पाइस. लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र वाटावं असा वास असतो, पण तो मसाला मिसळून केलेला नाही, एकाच झाडाचं फळ आहे. पुष्कळांचं जर्क "गरम मसाल्याचं चिकन" होतं ते इथेच. दाणे मिळाले नाहीत म्हणून लवंग-दालचिनी हात सैल सोडून घातली जाते आणि लवंग सगळ्यांवर बसते. कोकणात अनेकांच्या परसात ऑलस्पाइसचं झाड असतं, त्याची पानं बिर्याणीत घालतात. तुमच्याकडे असेल तर ताजी पानं मसाल्यात वाटा आणि चिकनच्या खाली अंथरा. लवंगेपेक्षा ती किती तरी जवळची.

स्कॉच बॉनेटची तिखटाई एक ते साडेतीन लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). तिला जर्दाळूसारखा, फळाचा वास असतो, म्हणून नुसती लवंगी मिरची घातली तर तिखट होईल, पण जर्क वाटणार नाही. तिच्या जवळची हाबानेरो मिरची चालते. हातमोजे घाला, आणि चिरताना डोळ्याला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. कच्च्या चिकनचा उरलेला मसाला सॉस म्हणून वाढायचा असेल तर आधी चांगला उकळा.

साल्साला पाणी सुटतं

आधी एक खरी गोष्ट सांगते. बॉस्टन बेला चिकनसोबत साल्सा देत नाहीत. तिथे मिळतं ते फेस्टिव्हल, म्हणजे मक्याच्या पिठाचे गोडसर तळलेले लांबोडे. किंवा बामी, म्हणजे कसावाची भाकरी. किंवा हार्ड डो ब्रेड. मांसाशेजारी आंब्या-अननसाचा साल्सा ही जोडी गाजली ती १९८०-९० च्या सुमारास दक्षिण फ्लोरिडाच्या हॉटेलांत. मायामीच्या नॉर्मन व्हॅन एकेन, ॲलन सुसर, मार्क मिलिटेलो, डग्लस रॉड्रिगेझ या शेफना तर मँगो गँग असंच नाव पडलं होतं. कॅरिबियन बेटांवरचा खरा जवळचा नातेवाईक म्हणजे त्रिनिदादचा चाउ: कैरी किंवा अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, तिखट मिरची आणि शॅडो बेनी लावायची. शॅडो बेनी ही लांब पानांची, कोथिंबिरीच्या वासाची भाजी. तिचं त्रिनिदादमधलं दुसरं नाव बंधनिया, म्हणजे बनधनिया, रानकोथिंबीर. १८४५ पासून करारावर तिथे नेलेल्या भारतीय मजुरांच्या बोलीतलं हे नाव अजून बाजारात ऐकू येतं. चाउला पाणी सुटतं आणि ते सुटायलाच हवं, वाडग्यातलं ते तिखट-आंबट पाणी शेवटी पितात. साल्साला मात्र सुटू द्यायचं नाही.

आणि ही विद्या आपल्याला शिकवायची गरज नाही. काकडीची कोशिंबीर करताना काय करतो? काकडी चोचवतो, पिळतो, आणि मीठ पानं घेतल्यावर घालतो. मिठानं फळातलं पाणी बाहेर ओढलं जातं, साखरेनंही. साल्सा म्हणजे फळांची कोशिंबीर, एवढं मनाशी धरलं की पुढचं हात आपोआप करतात. मला हे सुचायला दोन उन्हाळे लागले. मी सकाळीच सगळं मीठ-लिंबू घालून, झाकून फ्रिजमध्ये ठेवायची. संध्याकाळी वाडग्याच्या तळाशी बोटभर पाणी असायचं आणि वर मलूल फोडी तरंगत असायच्या.

फळ कुठलं घ्यायचं यावर निम्मं काम अवलंबून आहे. आंबा पाडाचा हवा. पिवळा झालेला, पण दाबला तर अजून करकरीत. हापूस या कामाला घेऊ नका. तो चिरताना फुटतो, ढवळताना त्याचा रस होतो. तोतापुरी उत्तम. इथे मेक्सिकोहून येणारा टॉमी ॲटकिन्स नुसता खायला फिका लागतो, पण साल्सात त्याच्या फोडी शेवटपर्यंत उभ्या राहतात. जमैकात आंबा १७८२ मध्ये पोचला. इंग्रजी आरमारानं एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावर आंब्याची रोपं होती. रोपांना नुसते आकडे घातले होते, त्यातला अकरा नंबर तिथे आजही "नंबर इलेव्हन" याच नावानं खातात. त्यांच्याकडे एका आंब्याचं नाव बॉम्बे आहे. आंटींच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांना दोनदा विचारून खात्री केली.

अननसाला माझा एकच नियम: आधी भाजा. अर्धा इंच जाडीच्या चकत्या, मधला दांडा काढून, गरम जाळीवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. पाणी आटतं, गोडी वाढते, आणि ब्रोमेलेनचा जोर बऱ्याच अंशी मोडतो.

दोन आंबे आणि अर्ध्या अननसाचं प्रमाण धरू. फोडी एक सेंटिमीटरच्या, धारदार सुरीनं. बोथट सुरी फळ कापत नाही, चेंगरते, आणि पाणी तिथूनच सुटायला लागतं. फोडी मीठ न लावता चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या. खाली जमलेला रस टाकू नका. चमचाभर व्हिनेगर घालून तो उकळा, दाटसर झाला की चिकनला शेवटी लावायचा लेप तोच. एक लाल कांदा बारीक चिरून लिंबाच्या रसात आणि चिमूटभर मिठात दहा मिनिटं ठेवा, मग पिळून घ्या. त्याचा उग्रपणा जातो आणि पाणीही निघून जातं. पाव स्कॉच बॉनेट, बिया आणि आतला पांढरा भाग काढून, अगदी बारीक. कोथिंबीर किंवा शॅडो बेनी कोरडी करून चिरा. धुऊन ओली टाकली तर सगळी मेहनत वाया. टोमॅटो मी घालत नाही. घालणार असाल तर बिया आणि गर काढून टाका.

हे सगळं वेगवेगळ्या वाट्यांत थांबू शकतं, दोन-तीन ताससुद्धा. चिकन विस्तवावरून उतरलं की त्याला दहा मिनिटं विसावा द्यायचा असतोच. त्या दहा मिनिटांत साल्सा एकत्र करा, मीठ तेव्हाच घाला, दोन चमच्यांनी खालून वर असा हलक्या हातानं. आंबा फ्रिजमधून थेट काढलेला नको, गार आंब्याला वास नसतो.

पानात साल्सा चिकनच्या शेजारी वाढा, वर नको. वर घातला की जिच्यासाठी पाऊण तास खपलो ती कातडी दोन मिनिटांत लिबलिबीत होते.

उरलं तर डबे दोन. कच्चा अननस असलेला साल्सा आणि चिकन एकाच डब्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा तोच लगदा हाती येतो, भाजलेलं चिकन असलं तरीही. चिकन दुसऱ्या दिवशी झाकण ठेवून गरम करा आणि पावात घालून खा. साल्साला रात्रीतून पाणी सुटणारच, त्याला इलाज नाही. आंटी त्यात थोडा ठेचलेला लसूण आणि आणखी मिरची घालतात, वाडगा घेऊन गॅलरीत बसतात आणि शेवटी पाणी पिऊन टाकतात. त्याचा त्यांनी चाउ केलेला असतो.